कॅफीनने चरबी मोकळी होते, जळते किती?

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावरच्या, म्हणजे कागदोपत्री हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावरच्या, जॉगिंग ट्रॅकवर पहाटे चालणाऱ्यांच्या गप्पांचे विषय गेल्या काही वर्षांत बदलले आहेत. पूर्वी गुडघे, रक्तातली साखर आणि द्राक्षांचा भाव यांवर बोलणे चाले. आता व्यायामाआधी कोण कोणती पावडर घेतो आणि ती कुठे स्वस्त मिळते, यावर चालते. आमच्या कॉलनीतला, पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा मागच्या महिन्यात असाच एक काळा डबा घेऊन घरी आला. सोळाशे मीटर धावण्याची वेळ सुधारायची आणि त्यासाठी आधी कमरेचा घेर उतरवायचा, असा त्याचा बेत होता. "काका, तुम्ही औषधशास्त्र शिकवायचात ना? यातलं कॅफीन चरबी जाळतं म्हणतात, ते खरं आहे का?" डब्यावर ज्वाळेचे चित्र मोठे होते आणि एका मापात ३०० मिलिग्रॅम कॅफीन असल्याची नोंद डोळ्यांजवळ धरून वाचावी लागेल इतकी बारीक होती. त्याला उभ्या उभ्या 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देता आले नाही, कारण या प्रश्नात तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले आहेत: कॅफीनमुळे चरबीचे नेमके काय होते, जे होते ते मोजायला गेल्यास किती भरते, आणि तेवढ्यासाठी शरीराला काय मोजावे लागते.

कॅफीन ही चवीला कडू, पांढरी, निर्गंध भुकटी असते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे याने १८१९ च्या सुमारास कॉफीच्या बियांपासून ती प्रथम वेगळी केली. त्या बिया त्याला महाकवी ग्योटे याने दिल्या होत्या. चहाची पाने, कोकोच्या बिया, ग्वाराना नावाच्या ब्राझीलमधील वेलीच्या बिया या सगळ्यांमध्ये हाच रेणू असतो आणि वनस्पती तो मुख्यतः किडींपासून बचावासाठी तयार करते. हे सांगायचे कारण असे की 'नैसर्गिक ग्वाराना अर्क' असे लिहिलेल्या डब्यात आणि 'कॅफीन' असे लिहिलेल्या डब्यात शरीराच्या दृष्टीने काहीही फरक नसतो, तरीही पहिल्या डब्याची किंमत बहुधा अधिक असते.

आपल्याला जागे ठेवण्याची त्याची रीत समजली, म्हणजे पुढचे बरेच काही आपोआप उलगडते. मेंदूच्या पेशी दिवसभर काम करत असताना ॲडेनोसिन नावाचा पदार्थ हळूहळू साठत जातो. तो मेंदूतील ठरावीक ग्राहींवर, म्हणजे त्याच्यासाठी राखलेल्या जागांवर, जाऊन बसला की पेशींचे काम मंदावते आणि आपल्याला पेंग येऊ लागते. कॅफीनचा रेणू आकाराने ॲडेनोसिनसारखाच असल्यामुळे तो त्या जागा अडवतो, पण बसल्यावर करायचे काम मात्र करत नाही. सीबीएसला एसटी लागताच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे प्रवासी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे समजवायला नको. रुमाल प्रवास करत नाही, तिकीट काढत नाही, पण तो असेपर्यंत त्या बाकावर दुसऱ्या कोणाला बसता येत नाही. दरम्यान बाहेर प्रवाशांची गर्दी वाढतच असते. म्हणूनच कॅफीनचा अंमल उतरल्यावर साठलेले ॲडेनोसिन एकदम जागा घेते आणि दुपारी टाळलेला थकवा संध्याकाळी अंगावर येतो. कॅफीन थकवा नाहीसा करत नाही, त्याची बातमी तेवढी अडवून ठेवते, ही गोष्ट व्यायाम करणाऱ्याने विशेषतः ध्यानात ठेवावी.

ॲडेनोसिनचा लगाम सुटला की शरीरातील ॲड्रेनॅलिन वाढते. हृदयाचे ठोके थोडे वाढतात, रक्तदाब चढतो आणि चरबीच्या पेशींनाही 'साठा मोकळा करा' असा निरोप जातो. त्या पेशींमध्ये चरबी ज्या रूपात साठवलेली असते, ते रूप एक एन्झाइम फोडते आणि त्यातून सुटी झालेली मेदाम्ले रक्तात उतरतात. कॅफीन घेतल्यानंतर रक्तातील मेदाम्लांचे प्रमाण वाढते, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसून आले आहे आणि जाहिरातीतल्या ज्वाळेला आधार आहे तो एवढाच.

पण मोकळी झालेली चरबी आणि जळालेली चरबी यांत नाशिक जिल्ह्यातल्या कोणत्याही कांदा उत्पादकाला सहज समजेल असा फरक आहे. चाळीतून कांदा काढला, ट्रॅक्टरमध्ये भरला आणि लासलगावला नेला म्हणजे तो विकला गेला असे होत नाही. लिलाव बंद असतील किंवा व्यापाऱ्याला मालाची गरज नसेल, तर तोच ट्रॅक्टर संध्याकाळी परत येतो आणि कांदा पुन्हा चाळीत पडतो. डिझेल आणि हमाली तेवढी खर्च होते. शरीरात व्यापारी म्हणजे काम करणारा स्नायू. स्नायूला इंधनाची गरज नसेल, तर रक्तात उतरलेली मेदाम्ले यकृत आणि चरबीच्या पेशी पुन्हा उचलतात आणि पुन्हा साठवतात. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २००४ मध्ये हीच ये-जा मोजली. शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे १० मिलिग्रॅम, म्हणजे बरीच मोठी मात्रा दिल्यावर शरीराचा ऊर्जाखर्च सुमारे १३ टक्क्यांनी वाढला आणि चरबीची उलाढाल दुप्पट झाली. मात्र त्या उलाढालीपैकी प्रत्यक्षात जळाला तो सुमारे २४ टक्के भाग, उरलेला ७६ टक्के भाग फिरून साठवणीत गेला. प्रयोगातील माणसे त्या वेळी विश्रांती घेत होती, हे इथे महत्त्वाचे. म्हणजे चार ट्रॅक्टर बाजारात गेले आणि तीन तसेच परत आले.

आता उरलेल्या एका ट्रॅक्टरचा हिशेब मांडू. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, या विषयावर आजही आधाराला घेतल्या जाणाऱ्या एका अभ्यासात १०० मिलिग्रॅम कॅफीनच्या एका मात्रेने विश्रांतीतील ऊर्जाखर्च पुढचे अडीच तास ३ ते ४ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. मग त्याच संशोधकांनी बारा तासांत दर दोन तासांनी १०० मिलिग्रॅम, म्हणजे एकूण ६०० मिलिग्रॅम दिले. सडपातळ माणसांमध्ये दिवसाचा जादा खर्च सुमारे १५० कॅलरी भरला. पूर्वी लठ्ठ असलेल्या आणि नंतर वजन उतरवलेल्या माणसांमध्ये मात्र तो ७९ कॅलरींवरच थांबला. ज्यांना गरज अधिक, त्यांनाच लाभ निम्मा, असा हा उफराटा प्रकार आहे. ७९ कॅलरी म्हणजे घरच्या मध्यम आकाराच्या एका पोळीपेक्षाही कमी. शरीरातील एक किलो चरबी कमी होण्यासाठी साधारण ७७०० कॅलरींची तूट पडावी लागते, असा ढोबळ हिशेब धरतात. त्या दराने रोज ६०० मिलिग्रॅम कॅफीन घेऊन, त्यामुळे आहारात काहीही वाढ न होऊ देता, एक किलो उतरवायला तीन महिन्यांहून अधिक काळ लागेल. आणि हे झाले शरीराला कॅफीनची सवय होणार नाही असे गृहीत धरून. प्रत्यक्षात ती काही दिवसांतच होऊ लागते. मेंदू आणखी ग्राही तयार करतो, म्हणजे एसटीतले बाक वाढवतो, आणि मग तेवढेच रुमाल पुरेनासे होतात.

एका दिवसाच्या मोजमापापेक्षा महिनोन्महिने चाललेली चाचणी अधिक बोलकी असते. १९९२ मध्ये डेन्मार्कमध्ये १८० लठ्ठ रुग्णांना कमी कॅलरींच्या आहारावर ठेवून २४ आठवडे चार गटांत निरनिराळ्या गोळ्या दिल्या गेल्या: नुसते कॅफीन, नुसते इफेड्रिन, दोन्ही एकत्र, आणि औषध नसलेली लुटुपुटुची गोळी. कॅफीनच्या गटाला २०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा मिळत होते. सगळ्यांचेच वजन उतरले, कारण सगळ्यांचाच आहार कमी होता. पण नुसत्या कॅफीनचा गट आणि लुटुपुटुच्या गोळीचा गट यांत फरक पडला नाही. दोन्ही एकत्र दिलेल्या गटाचे वजन सरासरी १६.६ किलोंनी उतरले, तर लुटुपुटुच्या गोळीच्या गटाचे १३.२ किलोंनी.

या चाचणीचे पुढे जे झाले, ते समजून घेतल्याशिवाय आजचा काळा डबा समजणार नाही. इफेड्रिन आणि कॅफीन एकत्र चालतात, एवढाच निष्कर्ष व्यापाराने उचलला. इफेड्रा ही चिनी वैद्यकातील जुनी वनस्पती. तिच्यातील इफेड्रिन हृदय आणि रक्तवाहिन्यांवर काम करते. अमेरिकेत हे मिश्रण वजन उतरवण्याचे पूरक म्हणून दुकानांतून विकले जाऊ लागले आणि त्यापाठोपाठ हृदयविकाराचे झटके, पक्षाघात, आकडी आणि मृत्यू यांच्या नोंदी येऊ लागल्या. अखेर २००४ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने इफेड्रायुक्त पूरकांवर बंदी घातली. बंदीनंतर डब्यांवरची नावे राहिली, इफेड्रा गेला आणि त्याची उणीव भरून काढण्यासाठी कॅफीनची मात्रा वाढली. जोडीला इफेड्रिनचे दूरचे नातलग असलेले, कडू संत्र्याच्या सालीतील सिनेफ्रिन आणि योहिंबाइनसारखे दुसरे उत्तेजक आले. जे कॅफीन एकट्याने चाचणीत नापास झाले होते, तेच मुख्य घटक होऊन बसले.

व्यायामाआधी घेतलेल्या कॅफीनचे काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे, कारण तेव्हा व्यापारी म्हणजे स्नायू बाजारात हजर असतो. स्पेनमधील ग्रॅनाडा विद्यापीठाच्या २०२१ मधील अभ्यासात १५ पुरुषांना व्यायामाच्या अर्धा तास आधी किलोमागे ३ मिलिग्रॅम कॅफीन दिल्यावर चरबी जळण्याचा कमाल वेग सकाळी सुमारे ११ टक्क्यांनी आणि दुपारनंतर २९ टक्क्यांनी वाढला. वर्तमानपत्रांनी हे आकडे उचलून धरले होते. पण टक्केवारी कशाची, हे विचारल्याशिवाय टक्केवारीवर विश्वास ठेवू नये. सर्वसाधारण तंदुरुस्त माणूस व्यायामात मिनिटाला फार तर अर्ध्या ग्रॅमच्या आसपास चरबी जाळतो. त्यात २९ टक्के भर पडली, तरी अर्ध्या तासाच्या व्यायामात जादा जळते ती पाच ग्रॅमच्या आतच, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढी. आणि व्यायामात चरबी जास्त जळाली, तर उरलेल्या दिवसात शरीर कर्बोदके जास्त वापरते. वजनाचा निकाल दिवसाच्या एकूण जमाखर्चावर लागतो. कॅफीनमुळे व्यायाम सुसह्य वाटतो आणि माणूस थोडा अधिक काळ, थोड्या अधिक जोराने धावतो, हा परिणाम मात्र खरा आहे. किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम मात्रेत तो अनेक चाचण्यांत दिसला आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २००४ पासून कॅफीनला निषिद्ध पदार्थांच्या यादीतून काढले असले, तरी त्याच्या वापरावर ती आजही लक्ष ठेवते. तेव्हा त्या मुलाच्या दोन उद्दिष्टांपैकी धावण्याच्या वेळेला कॅफीनचा थोडा उपयोग होऊ शकेल. कमरेच्या घेराला ते जवळजवळ निरुपयोगी आहे.

इथे चहाबद्दल एक आडबाजूची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. चहाने भूक मरते आणि वजन उतरते, असे सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. दोन चमचे साखर आणि पाऊण वाटीहून कमी दूध घातलेल्या एका कप चहातून सत्तर-पंचाहत्तर कॅलरी पोटात जातात. मिसळ खाऊन झाल्यावर एक, दुकान उघडल्यावर एक, दुपारी एक आणि संध्याकाळी गंगापूर रोडला मित्र भेटल्यावर एक, असे चार कप झाले की तीनशे कॅलरी जमा होतात आणि त्या चार कपांतील कॅफीनने खर्च होणाऱ्या कॅलरींचा मेळ त्याच्या जवळपासही बसत नाही. बिनसाखरेच्या काळ्या कॉफीचा हिशेब वेगळा आहे, पण तो कॅफीनमुळे नव्हे, साखर आणि दूध नसल्यामुळे.

आता मात्रेकडे येऊ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या आहारविषयक मार्गदर्शनानुसार १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५, तेवढ्याच झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते, आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितलेली आहे. अमेरिका आणि युरोपमधील संस्था निरोगी प्रौढांसाठी ४०० मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण सहसा चिंताजनक मानत नाहीत. युरोपीय संस्था एका वेळी २०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असेही सांगते. गरोदर स्त्रियांसाठी तिने सांगितलेली मर्यादा दिवसाला २०० मिलिग्रॅम आहे. आपल्याकडे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार कॅफीनयुक्त पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते आणि मुलांसाठी, गरोदर व स्तनदा मातांसाठी ते योग्य नसल्याचा इशारा वेष्टनावर छापावा लागतो. म्हणजे २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये फार तर ७५ मिलिग्रॅम. काळ्या डब्यातील एका मापात ३०० आहेत, म्हणजे असे चार कॅन एका घोटात, आणि बहुतेक मुले एक माप 'चढत नाही' म्हणून दुसरे घालतात.

मर्यादेचे हे आकडे सरासरी माणसाचे असतात आणि सरासरी माणूस कुठेच राहत नाही. कॅफीनचे विघटन यकृतातील एक विशिष्ट एन्झाइम करते आणि त्याचा वेग माणसागणिक बदलतो. रक्तातील कॅफीन निम्म्यावर यायला सर्वसाधारणपणे पाच तास लागतात, पण कोणाला दोन तास पुरतात, तर कोणाला नऊ तासही अपुरे पडतात. धूम्रपान करणाऱ्यांत हा काळ जवळजवळ निम्मा होतो, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत जवळजवळ दुप्पट होतो आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पंधरा तासांपर्यंत जातो. सिप्रोफ्लॉक्सासिन हे सर्रास दिले जाणारे प्रतिजैविक आणि फ्लुवॉक्सामिन हे मानसोपचारातील औषध त्या एन्झाइमला अडवतात. अशा औषधावर असताना नेहमीचीच मात्रा नेहमीपेक्षा कितीतरी जड पडू शकते. दम्यासाठी थिओफायलिन घेणाऱ्यांनी तर अधिक सावध राहावे, कारण ते कॅफीनचे सख्खे भावंड आहे आणि दोघांचे परिणाम एकमेकांत मिसळतात.

रक्तदाब असलेल्यांसाठी एक आकडा पुरेसा आहे. एकूण अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले असता, रक्तदाबाच्या रुग्णांत २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफीननंतर वरचा रक्तदाब सरासरी ८ आणि खालचा ६ अंकांच्या आसपास वाढतो आणि ही वाढ किमान तीन तास टिकते. नियमित चहा-कॉफी पिणाऱ्याच्या शरीराला हे बऱ्याच अंशी सरावाचे होते. पण ज्याचा रक्तदाब कधी मोजलाच गेलेला नाही, अशा पंचेचाळिशीच्या माणसाने जिममध्ये नाव घातल्याच्या पहिल्याच आठवड्यात रिकाम्या पोटी पावडर घेऊन वजने उचलायला सुरुवात करणे, ही गोष्ट वेगळी आहे. वजन उचलताना रक्तदाब तसाही चढतोच. हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, हृदयाच्या धमन्यांतील अडथळा, आकडीचा विकार, अतिचिंता किंवा घबराटीचे झटके, थायरॉईडची अतिक्रिया असलेल्यांनी अशा पूरकांच्या वाटेला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

झोपेचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात, मात्र वजन उतरवू पाहणाऱ्याचे सर्वांत मोठे नुकसान तिथे होते. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीननेही झोप एका तासाहून अधिक कमी होते, असे २०१३ मधील एका प्रयोगात दिसले. आणि झोप तुटल्यावर आहाराचे काय होते, याचे उत्तर शिकागोमधील २०१० च्या एका छोट्या पण नेटक्या प्रयोगाने दिले आहे. दहा स्थूल व्यक्तींना सारखाच कमी आहार देऊन एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपण्याची मुभा चौदा-चौदा दिवस देण्यात आली. वजन दोन्ही वेळा जवळजवळ सारखेच उतरले, पण चरबी पहिल्या खेपेस १.४ किलो गेली आणि दुसऱ्या खेपेस अवघी ०.६ किलो, बाकीची घट स्नायूंसारख्या हव्या असलेल्या भागांतून झाली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून दुसरी पाळी करून रात्री बाराला घरी येणारा कामगार पाळीआधी डब्यातले माप घेत असेल, तर तो चरबी जाळायच्या नावाखाली चरबी राखून ठेवतो आहे आणि स्नायू गमावतो आहे, असे म्हणायला हरकत नाही.

यापुढचे प्रकरण अधिक गंभीर आहे. ते शुद्ध पावडरचे. कॅफीन मिलिग्रॅममध्ये मोजायचे औषध आहे आणि आपल्या स्वयंपाकघरातली सगळी मापे ग्रॅमची आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मते सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅफीन झटकन पोटात गेल्यास आकडीसारखे विषारी परिणाम दिसू शकतात, आणि शुद्ध पावडरचा एक छोटा चमचा म्हणजे साधारण २८ कप कॉफीइतके कॅफीन. प्राणघातक मात्रा प्रौढांत १० ग्रॅमच्या आसपास मानली जाते. ती भरायला असे तीन-चार चमचे पुरतात. वेल्समधील एका तरुण जिम प्रशिक्षकाचा २०२१ मध्ये असाच मृत्यू झाला. त्याला ६० ते ३०० मिलिग्रॅमच्या दरम्यानची मात्रा घ्यायची होती, पण हाताशी असलेला काटा २ ग्रॅमपासून ५ किलोपर्यंत मोजणारा होता. सराफ बाजारात ज्या काट्यावर नथीचे मोती तोलतात, त्या काट्याचे काम भाजीच्या काट्याला देण्यासारखे ते होते. ब्रिटनमध्येच २०१५ मध्ये एका विद्यापीठातील प्रयोगात दोन विद्यार्थ्यांना ०.३ ग्रॅमऐवजी ३० ग्रॅम कॅफीन संत्र्याच्या रसातून दिले गेले, कारण मोबाइलवर हिशेब करताना दशांश चिन्ह चुकीच्या जागी पडले. दोघांनाही अतिदक्षता विभागात ठेवून डायलिसिस करावे लागले, ते वाचले. तिथे प्रयोगशाळा होती, प्रशिक्षित माणसे होती, तरीही हे घडले. अमेरिकेत २०१८ पासून ग्राहकांना अशी शुद्ध किंवा अतितीव्र पावडर घाऊक वेष्टनात विकणे बेकायदा मानले जाते. आपल्याकडे सुट्या, नाव नसलेल्या पिशवीतून कोणी 'प्युअर' म्हणून काही देत असेल, तर ते घरातही आणू नये.

अतिमात्रेत शरीरात काय होते, हेही थोडक्यात पाहू. ॲड्रेनॅलिनचा पूर येतो, हृदयाचे ठोके बेलगाम होतात, रक्तातील पोटॅशियम पेशींमध्ये ओढले जाऊन कमी पडते आणि त्यामुळे हृदयाची लय आणखी बिघडते. त्याआधी बहुधा हात थरथरतात, छाती धडधडते, मळमळते, वारंवार उलट्या होतात आणि माणूस विनाकारण अस्वस्थ, घाबराघुबरा होतो. वारंवार उलट्या हा कॅफीन-विषबाधेचा इतका ठळक भाग आहे की 'पावडर घेतल्यावर पोट बिघडले' असे समजून घरी लिंबू-सरबत देत बसण्यात मौल्यवान वेळ जातो.

काळ्या डब्याच्या यादीत कॅफीनखेरीज आणखी काय होते, ते आम्ही दोघांनी चष्मा आणि मोबाइलचा उजेड लावून वाचले. ग्वाराना अर्क होता, पण त्यातील कॅफीन ३०० मध्ये धरले आहे की वेगळे, हे लिहिलेले नव्हते. ग्रीन टी अर्क होता. हिरवा चहा पिणे निर्धोक असले, तरी त्याचा संहत अर्क वेगळा, आणि त्यातील मुख्य घटक पूरकांमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक गेल्यास यकृताला इजा होत असल्याच्या खुणा रक्तात दिसू शकतात, असे युरोपीय अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये नोंदवले आहे. आणि शेवटी 'विशेष मिश्रण' अशा मथळ्याखाली सात नावे आणि सगळ्यांची मिळून एकच बेरीज होती. कोणते किती, याचा पत्ता नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक छापलेला होता, ही जमेची बाजू. पण तो क्रमांक व्यवसायाची नोंद झाल्याचे सांगतो, चरबी जळेल असे सांगत नाही.

मग मी त्याला त्याचा आदल्या दिवसाचा हिशेब कागदावर मांडायला लावला. पहाटे एक माप पावडर, ३००. अभ्यासिकेत दिवसभरात पाच कटिंग, म्हणजे अडीच कप धरून शंभर-सव्वाशे. रात्री जागण्यासाठी एक कॅन, ७५. बेरीज पाचशेच्या घरात गेली, ग्वारानाचे वेगळेच. रात्री दोनपर्यंत झोप लागत नाही, ही त्याची तक्रार होती आणि ती दूर करायला तो पहाटेचे माप वाढवायचा विचार करत होता. त्याला इतकेच सुचवले की डबा बाजूला ठेव, चहा दुपारी दोनच्या आत संपव, आणि रोजची मात्रा आठ-दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने उतरव, कारण एकदम बंद केल्यास दोन-तीन दिवस डोके ठणकते आणि पोरे त्यालाच आजारपण समजून पुन्हा डबा उघडतात. चाचणीच्या दिवशी धावण्याआधी काही घ्यायचेच असेल, तर सरावात आधी अनेकदा घेऊन पाहिलेली एक कप काळी कॉफी पुरे. त्या दिवशी प्रथमच काही नवे करायचे नाही. कमरेच्या घेराचा विषय त्याच्या आईबरोबर, ताटाच्या संदर्भात बोलावा लागला.

आणि ज्यांच्या घरी असा डबा आधीच आहे, त्यांच्यासाठी: पावडर घेतल्यानंतर छातीत दुखले, ठोके चुकल्यासारखे वाटले, चक्कर येऊन पडायला झाले, आकडी आली किंवा उलट्या थांबेनात, तर १०८ ला फोन करावा किंवा जवळच्या, अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्यावे. उलटी करवण्याचा खटाटोप करू नये. डबा, त्यातले माप आणि किती वाजता किती मापे घेतली याची चिठ्ठी सोबत न्यावी. रुग्णालयात पहिल्या तासाभरात सक्रिय कोळसा देऊन पोटातले कॅफीन धरून ठेवता येते, ठोक्यांवर लक्ष ठेवून औषधे देता येतात आणि गरज पडल्यास डायलिसिसने ते रक्तातून काढता येते. पण यांपैकी काय करायचे, हे ठरवण्यासाठी डॉक्टरांना सर्वांत आधी मात्रा कळावी लागते, आणि ती त्या बारीक अक्षरांतच लिहिलेली असते.